जॅकेटला नाडी चालत नाही

माझ्या नवऱ्याच्या तेराव्याला, पंगतीत दुसऱ्यांदा लाडू फिरला, तेव्हा माझ्या धाकट्या दिरांनी घसा खाकरला. मला कळलं, आता चिवड्याची गोष्ट येणार.

आलीच. "दादाची आठवण काढायची म्हणजे ती होडी आलीच," ते म्हणाले, आणि हातातला घास पानात ठेवून त्यांनी दोन्ही हात मोकळे केले. या गोष्टीला त्यांना दोन्ही हात लागतात. "वहिनी तेव्हा नव्या नवरीच. खाडीत फिरायला न्यायचं म्हटलं तर पैठणी नेसून आल्या! मांडीवर हा एवढा चिवड्याचा डबा. मी म्हणतोय, वहिनी, हलू नका. पण मधोमध गेल्यावर यांना चिवडा वाढायची हुक्की आली. उठल्या, आणि होडी उलटी! आम्ही दोघं भाऊ पाण्यात, वहिनी पाण्यात, पण डबा? डबा सोडला नाही हो! ती कोळीण बोंबलतेय, हात दे, हात दे, आणि आमच्या वहिनी तिला आधी डबा देतायत!"

पंगत हसली. एका काकांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. भिंतीवरच्या फोटोत माझा नवरा हार घालून बसला होता, त्याचाही चेहरा हसराच, पण तो त्याचा जन्माचा दोष. आणि सांगायला लाज वाटते, मीसुद्धा हसले. छत्तीस वर्षांची सवय. बारशी, मुंजी, लग्नं, नवऱ्याची एकसष्टी, माझ्या निवृत्तीचा समारंभ, प्रत्येक ठिकाणी ती गोष्ट झाली आणि प्रत्येक ठिकाणी मी हसले. पण त्या दिवशी संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी उरलेले लाडू डब्यात भरत होते, आणि डबा तोच होता. स्टीलचा, एका बाजूला पोचा आलेला. झाकण दाबताना मी स्वतःशी मोठ्याने म्हणाले, "भावोजी, तुम्हाला मी सोडणार नाही."

त्यांनी बुडावं वगैरे अशी माझी इच्छा नव्हती. फार तर गटांगळी. मला त्यांच्या तोंडून खरी गोष्ट हवी होती. चारचौघांत, मोठ्याने, एकदाच. होडीत लाइफ जॅकेटं का नव्हती, एवढंच.

कारण जॅकेटं होती. खाडीकाठच्या त्या छोट्या क्लबाचा म्हातारा रखवालदार तीन जॅकेटं होडीत टाकून गेला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नारिंगी, जाड, कुबट वासाची. माणसागणिक एक. भावोजींनी ती उचलली आणि धक्क्यावर फेकली. "ही काय अडगळ! डब्याला जागा करा," म्हणाले. त्यांना शीड सोडताना, सुकाणू धरताना बघितलं की वाटायचं, यांचा जन्मच डोलकाठीखाली झाला असावा. खरं म्हणजे एका कारखान्यात ते नकाशे काढायचे, आणि तिथल्या साहेबाच्या ओळखीने क्लबात शिरले होते. सहा महिने झाले होते होडी शिकून.

आता त्या सव्वीस वर्षांच्या बयेबद्दल, म्हणजे तेव्हाच्या माझ्याबद्दल, काय बोलू! नौपाड्यातल्या दोन खोल्यांतून पहिल्यांदाच नवरा आणि दीर फिरायला नेतायत, तर हिने आदल्या दिवशी दोन किलो पातळ पोह्यांचा चिवडा केला. तीन माणसांना! वर सासूबाईंना विचारून पैठणी. खाडीत कोण बघणार होतं, खेकडे? केसांत अबोलीचा गजरा, पायात उंच टाचा. टाचा होडीच्या फळीत रुतून बसल्या म्हणून ती चपला काढून अनवाणी बसली, हा तिच्या त्या दिवसातला एकमेव शहाणपणा.

मधोमध गेल्यावर भावोजी म्हणाले, "वहिनी, अजून चिवडा द्या की." वारा पाठीमागून होता. मी डब्याचं झाकण काढलं, त्यांनी उजवा हात आत घातला, आणि त्याच वेळी डाव्या हाताने सुकाणू वळवलं. शीड इकडून तिकडे गेलं, खालचा दांडा माझ्या डोक्यावरून फिरला. मी घाबरून झाकण दाबलं आणि उठले, हे खरं. पण मी उठले तेव्हा होडी आधीच कलली होती. दांडा येताना माणसाला खाली वाक म्हणून सांगायचं असतं. तोंडात चिवडा असेल तर कसं सांगणार?

पैठणी ओली झाली की किती जड होते, ते मला विचारा. नऊ वार असती तर मी आज हे लिहायला नसते. पाय खाली, डोकं खाली, तोंडात खारं पाणी आणि चिखल. आणि छातीशी डबा. अर्धा रिकामा, झाकण घट्ट बसलेलं. तो मला वर खेचत होता. डबा मी धरून ठेवला होता कारण त्या पाण्यात मला धरायला दुसरं काहीच नव्हतं. भाऊ दोघे उलट्या होडीला लटकून एकमेकांना शिव्या देत होते. शेजारून मासे धरायला निघालेली एक बाई आपल्या होडीतून आली, माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि ओरडली, "अगो बाय, डबा सोर नि हात दे!"

मी तिला आधी डबा दिला. एवढं मात्र गोष्टीत खरं आहे.

नवऱ्याने ही खरी हकिकत कधीच सांगितली नाही. भाऊ सांगू लागला की तो हसायचा आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकवायचा. म्हणजे त्याच्यावरचाही सूड राहिलाच. तो तर आता हार घालून सुटला.

सूड घेण्याची संधी दोन वर्षांनी नातीमुळे आली. ती शाळेच्या सुट्टीत त्याच क्लबात होडी शिकायला जाऊ लागली आणि तिला रिक्षाने नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. दोन तास बाकावर बसून करायचं काय? समोर भिंतीवर इंग्रजीत एक लांबलचक कागद लावलेला होता. होडीत काय काय असलं पाहिजे त्याची यादी. मी ती वाचली. पुन्हा वाचली. मग वही आणून मराठीत उतरवून घेतली, आणि उतरवताना माझ्या अंगावर काटा आला. हे सगळं लिहिलेलं होतं तर! प्रत्येकाला अंगात बसणारं जॅकेट, सगळी बक्कलं लावलेली. जॅकेटला दोरीने बांधलेली शिट्टी. पाणी उपसायला डबडं, तेही होडीला बांधलेलं, नाहीतर होडी उलटली की डबडं आपल्या वाटेने जातं. एक वल्हं, कारण वारा पडतो. ओढून न्यायला लांब दोर. दोर गुंतला तर कापायला सुरी. होडीच्या पोटात हवा भरलेल्या पिशव्या, म्हणजे ती उलटली तरी तळाला जात नाही. मोठ्या होड्यांना आणखी नांगर, मदत मागायला धूर सोडायची नळी, औषधांची पेटी. शर्यतीत हे सगळं तपासूनच सोडायचं. नुसतं हौसेने फिरायला जाणाऱ्याला मात्र कोणी विचारत नाही. जणू हौसेने गेलेला माणूस पाण्यात फुगतो आणि तरंगतो.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकोणतीस वर्षं माल तपासला आहे. पंपाचे सुटे भाग. हातात माप असायचं, भाग त्यात बसला तर पास, नाही बसला तर लाल डब्यात. मॅनेजर येऊन म्हणायचा, "मॅडम, केसभर तर फरक आहे." मी म्हणायचे, "साहेब, केस तुम्ही घरी जाऊन मोजा." तेव्हा क्लबाच्या सेक्रेटरींना शर्यतीच्या तपासणीला माणूस हवा होता, आणि ते म्हणाले, "काकू, तुम्ही कोणाची भीड ठेवत नाही असं ऐकलं," तर मला त्यात गैर काही वाटलं नाही. मी एकच अट घातली. टेबल माझं, शिक्का माझा, आणि मी नाही म्हटलं की ती होडी पाण्यात जाणार नाही.

"अगदी. तोच नियम आहे," ते म्हणाले.

चार वर्षं मी त्या टेबलाशी बसले. वाट बघत. जुनी जॅकेटं पाण्याच्या पिंपात विटा बांधून बुडवून बघायची, ती माझी खास पद्धत. ज्याचा फोम मेला आहे ते जॅकेट विटेसकट खाली जातं आणि वर येत नाही. एका डॉक्टरांनी असं एक जॅकेट सोफ्याच्या उशीला म्हणून वापरून परत आणलं होतं. ते तर पिंपात गेलं ते दगडासारखं. डॉक्टर म्हणाले, "पण फोमच आहे ना हो आत!" मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या पेशंटला तुम्ही असंच सांगता का, हृदयच आहे ना हो आत?" तर असं माझं नाव झालं. भावोजी मात्र शर्यतीत येईनात. गुडघे, मोतीबिंदू, मग म्हणे हल्लीची होडी म्हणजे प्लास्टिकचं खेळणं.

आणि गेल्या थंडीत यादीत त्यांचं नाव आलं. क्लबाने जुन्या सभासदांसाठी शर्यत ठेवली होती. दोन माणसांची होडी. त्यांच्या जोडीदाराच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून जोडीदाराच्या रकान्यात त्यांनी कोणाचं नाव घातलं होतं? माझ्या जावेचं!

माझी जाऊ डोंबिवलीत अडतीस वर्षं त्यांच्या होडीच्या गोष्टी ऐकतेय. तिला त्यांनी एकदाही होडीत बसवलं नव्हतं. "तू म्हणजे ओझं," असं चारचौघांत म्हणायचे. तिला पोहता येत नाही. त्या दिवशी तिचाच फोन आला. "ताई, मला नेतायत बरं का! मी ट्रॅक पँट घेतली." आवाज असा, जणू काश्मीरला निघालीय. मला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

कोणी नंतर म्हणू नये की सांगितलं नव्हतं, म्हणून मी यादी मराठीत टाइप करून क्लबाच्या ग्रुपवर टाकली. दोनदा. दुसऱ्यांदा टाकली तेव्हा भावोजींचं उत्तर आलं. तीन हसणारे चेहरे आणि खाली, "वहिनी, डबा चालेल का?"

सगळ्या क्लबाला ती गोष्ट माहीत. अंगठे आले, आणखी चेहरे आले. मी लिहिलं, "या तर खरं."

रविवारी सकाळी भरती होती. खाडी तुडुंब, पलीकडची खारफुटी गळ्यापर्यंत पाण्यात. मी सातलाच टेबल मांडलं, शिक्का, पॅड, पट्टी, यादी. टेबलाखाली क्लबाची जादा जॅकेटं. धक्क्यावर एकेक होडी तपासून सुटत होती. सगळ्यात शेवटी, टोपी, काळा चष्मा, पांढरे बूट, असे भावोजी आले. मागे जाऊ, ट्रॅक पँटला इस्त्रीची घडी, केसांत मोगरा, आणि हातात पिशवी. पिशवीत डबा.

"अगं, हे काय?"

"चिवडा, ताई. हेच म्हणाले, होडीत चिवडा पाहिजेच. पहाटे उठून केला."

"डबा इथे टेबलावर ठेव."

"बघा!" भावोजी सगळ्यांकडे वळून म्हणाले. "वहिनींचा जीव अजून डब्यातच!"

हशा झाला. मीही हसले, पण या वेळी सवयीने नव्हे.

मी यादी धरून सुरुवात केली. वल्हं होतं. दोर होता, नवीन, पिशवीतून अजून न काढलेला. मी काढायला लावला. डबडं म्हणून आइस्क्रीमचा रिकामा डबा होता, पण नुसता ठेवलेला. "बांधा," म्हटलं. बांधला. सुरी म्हणून त्यांनी घरातली भाजीची सुरी आणली होती, ती चालते. मग शिट्टी. जावेच्या जॅकेटला होती, कारण ते जॅकेट क्लबाचं. भावोजींच्या जॅकेटला नव्हती.

"शिट्टी कशाला वहिनी? मी ओरडेन की. माझा आवाज माहितीय तुम्हाला."

"बुडताना तोंडात पाणी असतं भावोजी. ते मला विचारा."

त्यांना एक शिट्टी बांधून दिली. तोवर मागे दहा-बारा माणसं जमली होती. शेवटी जॅकेट. ते त्यांचं स्वतःचं होतं, पंचवीसेक वर्षांपूर्वीचं, निळं. आणि पुढून अगदी झकास दिसत होतं. मी म्हटलं, "हात वर करा."

"कशाला?"

"करा तर."

त्यांनी हात वर केले. मी मागे जाऊन जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर ओढले. हीच परीक्षा असते. अंगात बसलेलं जॅकेट हलत नाही. न बसलेलं कानापर्यंत वर येतं, आणि पाण्यात तर माणसाला खाली सोडून ते एकटंच वर जातं. भावोजींचं कानापर्यंत आलं. टोपी पडली. आणि पोटावरून जॅकेटची दोन टोकं उघडी पडली. बक्कलं एकमेकांपासून वीतभर लांब. मधे काय? मधे पायजम्याची नाडी. पांढरी, सुताची, दोन बक्कलांतून ओवून पुढे मारलेली सुरगाठ. वरून झिपरची पट्टी अशी ओढून घेतली होती की दिसू नये.

पट्टी घेऊन ते अंतर मोजलं. बक्कलापासून बक्कलापर्यंत. सावकाश. मागून कोणीतरी खुदकन हसलं.

"वहिनी," भावोजी एकदम हळू आवाजात म्हणाले, "घरातलीच माणसं आपण. शिक्का मारा ना."

बेचाळीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते.

"मारते की. पण आधी एक सांगा. त्या दिवशी आपल्या होडीत जॅकेटं का नव्हती?"

"कुठल्या दिवशी?"

"चिवड्याच्या."

त्यांनी काळा चष्मा काढला. जाऊ त्यांच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. सेक्रेटरींच्या हातात तो ओरडायचा भोंगा होता, शर्यतीच्या सूचना द्यायचा. मी हात पुढे केला. सेक्रेटरींनी भोंगा मला दिला, आणि मी तो भावोजींना दिला.

"इथे नाही वहिनी."

"मग इथेच राहा."

खाडीत होड्या शर्यत सुटायच्या रेघेशी जमायला लागल्या होत्या. भावोजींनी एकदा तिकडे बघितलं, एकदा आपल्या नाडीकडे. मग भोंगा तोंडाशी धरला. मला वाटलं होतं, पुटपुटतील. पण त्यांना गोष्ट सांगायची म्हणजे एकच पद्धत येते, ती मोठ्याने.

"जॅकेटं होती!" भोंग्यातून आवाज पार पलीकडच्या खारफुटीपर्यंत गेला. "तीन होती. मी काढून धक्क्यावर टाकली. डब्याला जागा पाहिजे होती म्हणून. आणि शीड मी फिरवलं, न सांगता. माझा हात डब्यात होता. तोंडात चिवडा होता. होडी मी उलटवली. झालं?"

झालं. मी शिक्क्याकडे हात नेला. पण भोंगा अजून त्यांच्या तोंडाशीच होता.

"आणि वहिनी काय म्हणाल्या तेही सांगतो! एक जॅकेट मी यांच्यापुढे धरलं होतं. म्हटलं, वहिनी, तुम्ही तरी घाला, तुम्हाला पोहता येत नाही. तर म्हणाल्या, नको भावोजी, पैठणी चुरगळेल!"

एवढं हसू त्या धक्क्यावर कधी झालं नसेल. सेक्रेटरी हसले, रेघेवरच्या होड्यांतली माणसं हसली. सगळ्यात जास्त जाऊ हसली, डोळे पुसत.

आणि मला आठवलं. खरंच म्हणाले होते मी. चुरगळेल, म्हणाले होते, आणि गजरा सावरला होता. बेचाळीस वर्षं मी तेवढंच वाक्य गोष्टीतून काढून ठेवलं होतं, त्यांनी जॅकेटं काढून ठेवली तसंच. मला त्या बयेचा असा राग आला! पैठणी चुरगळेल! अगं मूर्खे, पैठणीची इस्त्री होते. तुझी नसती झाली.

पण राग कोणावर काढायचा? ती तिथे नव्हती. भावोजी होते.

त्यांनी भोंगा खाली ठेवला आणि विजयी मुद्रेने शिक्क्यासाठी कागद पुढे सरकवला.

"गोष्ट छान सांगितलीत," मी म्हटलं. "आता जॅकेट आणा."

"म्हणजे? तुम्ही म्हणालात, मारते!"

"मारतेच. पण जॅकेटला नाडी चालत नाही."

रेघेकडून पहिला इशारा वाजला. शर्यत सुटायला पाच मिनिटं. भावोजींचा चेहरा लाल झाला, त्यांनी सेक्रेटरींकडे बघितलं. सेक्रेटरी खाडीकडे बघायला लागले. मला वाटलं, आता इथेच थांबावं. हे उभे राहू देत धक्क्यावर, सगळ्या होड्या जाताना बघत, नाडी लोंबत. किती सुंदर चित्र!

"ताई," जाऊ म्हणाली. तिचं हसू गेलं होतं. "मग मी आता घरी जाऊ?"

तिचं जॅकेट नीट होतं. सगळी बक्कलं लावलेली, कमरेचा पट्टा ओढलेला. पैठणी चुरगळेल असं काही ती म्हणाली नव्हती. अडतीस वर्षांनी पहिल्यांदा होडी, आणि इस्त्रीची पँट त्या जाड जॅकेटखाली पार चुरगळली होती, तिला पर्वा नव्हती.

मी टेबलाखाली वाकले आणि सगळ्यात मोठ्या मापाचं जॅकेट काढलं. पिवळंधमक. "हे घाला."

भावोजींनी घातलं. बक्कलं लागली, खांदे ओढून बघितले, हललं नाही. मी शिक्का मारला. ते वळले तेव्हा सगळ्यांना त्यांची पाठ दिसली. काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं, "शिकाऊ". नव्याने होडी शिकायला येणाऱ्यांसाठी क्लबाने ती जॅकेटं केली आहेत, म्हणजे लांबून ओळखू यावेत आणि इतरांनी जरा सांभाळून घ्यावं.

"वहिनी, दुसरं नाही का एखादं? साधं?"

"त्या मापात हेच हो."

होतं. साधं, नारिंगी, त्याच मापाचं, अगदी नवं. मी त्याच्यावर बसले होते.

त्यांची होडी रेघेशी पोचेपर्यंत बाकीच्या निम्म्या वाटेवर गेल्या होत्या. पिवळी पाठ दूरवर दिसत राहिली. प्रत्येक होडी त्यांना आदराने वाट देत होती. जावेला मी सांगून ठेवलं होतं, शिट्टी वाजते की नाही ते वाजवून बघत जा. ती बिचारी आज्ञाधारक. दर दोन मिनिटांनी खाडीवरून फुर्रर्र. मी टेबलावरचा डबा उघडला आणि त्यांचा चिवडा खायला घेतला. जावेच्या हाताला चव आहे. शेंगदाणे जरा जास्तच तळते.

वळायची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या बोयापाशी वारा पाठीमागून आला आणि त्यांचं शीड फडफडलं. खोटं कशाला सांगू, मी वाट बघत होते. एक गटांगळी, जास्त नको. होडी कलली. मग मला आठवलं की त्या होडीत दोघं आहेत, आणि दुसरीला पोहता येत नाही. घास तोंडात तसाच राहिला. मी उभी राहिले. खुर्चीवरचं नारिंगी जॅकेट माझ्या हातात कधी आलं, मला कळलं नाही, जणू तिथून फेकलं असतं तर पोचणार होतं. तेवढ्यात पाण्यावरून भावोजींचा आवाज आला, भोंग्याशिवाय, पण स्पष्ट. "खाली वाक! वाकलीस का? वाकलीस?" आणि मग शीड वळलं. होडी सरळ झाली. शिट्टी वाजली, दोनदा.

मी बसले, आणि उरलेला चिवडा डब्यात परत टाकला. झाकण घट्ट दाबलं.

ते शेवटून पहिले आले. धक्क्यावर उतरताना जावेचे केस विसकटलेले, मोगरा गेलेला, अंगभर खारं पाणी. भावोजी माझ्याकडे बघत नव्हते. ते बघत होते माझ्या मांडीवरच्या नारिंगी जॅकेटकडे. माप त्यांनी कॉलरवर वाचलं. मी कॉलर आत दुमडली. जाऊ म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी मी सुकाणू धरणार आहे. यांना म्हटलं, तुम्ही ओझं व्हा."

यानंतर महिनाभराने डोंबिवलीत त्यांच्या नातवाचं बारसं होतं. सगळे जमले. मी पैठणी नेसून गेले होते. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटल्या, आणि पंगतीत भावोजींनी घसा खाकरला, घास खाली ठेवला, हात मोकळे केले. माणसाला सवय असते. "आमच्या वहिनी एकदा होडीत चिवडा वाढायला उठल्या..."

फुर्रर्र!

पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं. जाऊ हातात पळी घेऊन उभी होती, आणि तिच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी, काळ्या दोरीत ती शिट्टी. जॅकेट क्लबाचं, पण शिट्टी तिने ठेवून घेतली होती.

भावोजींनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा घसा खाकरला. "जॅकेटं तीन होती," ते म्हणाले. "मी काढून ठेवली." आणि सगळी गोष्ट नीट सांगितली. सुकाणू, दांडा, तोंडातला चिवडा. लोक हसले, पण वेगळ्याच माणसाला. मी पानातली कोशिंबीर खात शांतपणे ऐकत होते. तो घास मला काय गोड लागला म्हणून सांगू!

"आणि तेव्हा वहिनी काय म्हणाल्या माहितीय?" ते म्हणाले.

मी पटकन जावेपुढे हात केला. "दे गं ती शिट्टी इकडे."

तिने शिट्टी मुठीत धरली. "नाही ताई," ती म्हणाली. "हे खरं आहे. खऱ्याला शिट्टी नाही."

मी मान खाली घातली, आणि मांडीवरची पैठणी मुठीत चुरगळली.